नर्सिंग स्कूल निवडताना: बोर्डाची मान्यता पुरेशी आहे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: अमेरिकेत राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या 34 वर्षांच्या एका भगिनींनी हे पत्र लिहिले आहे. भारतात त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केले, लग्नानंतर इकडे आल्यापासून त्या घर सांभाळत आहेत. मुलगी आता शाळेत रुळली असल्याने त्यांना रजिस्टर्ड नर्स व्हायचे आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा नर्सिंगमधील असोसिएट पदवीचा (सुमारे दोन वर्षांचा) अभ्यासक्रम ॲक्रेडिटेड आहे, म्हणजे बाहेरच्या स्वतंत्र संस्थेने त्याचा दर्जा तपासून मान्य केलेला आहे, पण प्रवेशासाठी साधारण दीड वर्ष थांबावे लागेल असे त्यांना सांगण्यात आले. दुसरीकडे एक खासगी नर्सिंग स्कूल पुढच्याच महिन्यात प्रवेश द्यायला तयार आहे. तेथील अभ्यासक्रम 20 महिन्यांचा असून त्याला राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगची, म्हणजे नर्सना लायसन्स देणाऱ्या मंडळाची, मान्यता आहे, मात्र नर्सिंगचे ॲक्रेडिटेशन नाही. ‘अर्ज केला आहे, लवकरच मिळेल,’ असे तेथील प्रवेश सल्लागार म्हणतात आणि शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरल्यास फीमध्ये सवलत मिळेल, असेही सांगतात. पतींचे मत असे की परीक्षा तीच आणि लायसन्सही तेच, मग ॲक्रेडिटेशनचा कागद विचारतो कोण? एक मैत्रीण मात्र थांबायला सांगते आहे. आधीच उशीर झालेला असताना एवढ्यासाठी दीड वर्ष घालवावे का, असा या भगिनींचा प्रश्न आहे.

प्रिय मैत्रिणीस,

तुमच्या पत्रात ‘आधीच उशीर झाला आहे’ हा सूर पुन्हा पुन्हा येतो, म्हणून सुरुवात तेथूनच करते. चौतिसाव्या वर्षी नर्सिंगकडे वळणाऱ्या स्त्रिया अमेरिकेत अपवाद नाहीत. दुसऱ्या विषयातील पदवी घेऊन या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी येथे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत आणि त्यांपैकी एक तुमच्या उपयोगाचा ठरू शकेल. त्याविषयी पुढे लिहिते. परंतु उशीर झाल्याची भीती एकदा मनात घर करून बसली की जो कोणी ‘लगेच’ म्हणतो त्याचे सगळेच म्हणणे पटू लागते. शुक्रवारची मुदत याच भीतीवर बोट ठेवते. ज्या शाळेचा अभ्यासक्रम चांगला आहे तिला तुम्ही तीन आठवडे चौकशी केल्याने काही तोटा होत नाही, हे लक्षात घेतले तर निर्णय थोडा शांतपणे घेता येईल.

आता तुमच्या पतींच्या मुद्द्याकडे वळू, कारण तो चुकीचा नाही, अपुरा आहे. असोसिएट पदवी असो की बॅचलरची, शाळा ॲक्रेडिटेड असो वा नसो, रजिस्टर्ड नर्स होण्यासाठी सर्वांना एनक्लेक्स-आरएन हीच परीक्षा द्यावी लागते. तिला बसण्यासाठी अमेरिकेत शिकलेल्या विद्यार्थ्याची मुख्य शैक्षणिक अट म्हणजे बोर्ड ऑफ नर्सिंगने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करणे. बहुतेक राज्यांत ॲक्रेडिटेशन ही त्या परीक्षेची अट नसते. अनेक राज्यांनी मिळून केलेल्या नर्स लायसन्शर कॉम्पॅक्टखाली एकापेक्षा अधिक राज्यांत चालणारे लायसन्स मिळते, त्यासाठीही बोर्डमान्य अभ्यासक्रम लागतो. म्हणजे तुम्ही त्या खासगी शाळेतून शिकलात, परीक्षा उत्तीर्ण झालात, तर तुम्ही रजिस्टर्ड नर्स व्हाल, यात शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो लायसन्स हातात आल्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांचा.

या विषयात गोंधळ होतो तो तीन वेगवेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे, आणि शाळांच्या माहितीपत्रकांत त्या बऱ्याचदा एकाच ओळीत शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. पहिली म्हणजे राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगची मान्यता. ती कायद्याने आवश्यक असते. तिच्याशिवाय शाळेच्या विद्यार्थ्यांना त्या राज्यात परीक्षेचा मार्ग नसतो. दुसरी म्हणजे संपूर्ण संस्थेचे ॲक्रेडिटेशन, जे केंद्र सरकारच्या शिक्षण विभागाने मान्य केलेल्या संस्था देतात. सरकारी शैक्षणिक कर्ज आणि अनुदान मिळणे, तसेच एका कॉलेजचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची नोंद) दुसऱ्या कॉलेजने स्वीकारणे, हे बरेचसे याच्यावर ठरते. तिसरी म्हणजे खास नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचे ॲक्रेडिटेशन. ते देणाऱ्या मुख्य संस्था तीन आहेत. ॲक्रेडिटेशन कमिशन फॉर एज्युकेशन इन नर्सिंग, म्हणजे एसीईएन, प्रॅक्टिकल नर्सिंगपासून (रजिस्टर्ड नर्सच्या खालची पातळी) डॉक्टरेटपर्यंत सर्व स्तरांवरील अभ्यासक्रम तपासते. कमिशन ऑन कॉलेजिएट नर्सिंग एज्युकेशन, म्हणजे सीसीएनई, बॅचलर आणि त्यापुढील अभ्यासक्रमच पाहते, त्यामुळे असोसिएट पदवीच्या शाळेकडे सीसीएनई नसणे हा दोष नव्हे. तिसरी संस्था नॅशनल लीग फॉर नर्सिंगची सीएनईए होय. तुमची खासगी शाळा ‘आम्ही ॲक्रेडिटेड आहोत’ असे म्हणाली तरी ते दुसऱ्या प्रकारचे असू शकते, तिसऱ्या प्रकारचे नसू शकते आणि तरीही त्यांचे वाक्य खोटे ठरत नाही. म्हणून ‘ॲक्रेडिटेड आहात का?’ असे न विचारता ‘नर्सिंगच्या या अभ्यासक्रमाला, कोणत्या संस्थेचे, कोणत्या तारखेपर्यंत?’ असे विचारावे.

तो कागद म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. ॲक्रेडिटेशनसाठी शाळेला आधी स्वतःविषयीचा सविस्तर अहवाल लिहावा लागतो: प्राध्यापकांची पात्रता काय, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णांजवळचे काम कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली मिळते, किती जण अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करतात, किती जण परीक्षा उत्तीर्ण होतात, किती जणांना नोकरी लागते. त्यानंतर इतर नर्सिंग स्कूलमधील शिक्षक आणि व्यवसायातील नर्स प्रत्यक्ष येऊन तपासणी करतात, विद्यार्थ्यांशी बोलतात, कागद आणि वस्तुस्थिती जुळतात का ते पाहतात. मिळालेले ॲक्रेडिटेशन कायमचे नसते. पहिल्यांदा ते जास्तीत जास्त पाच वर्षांचे असते. पुढे एसीईएन आठ वर्षांपर्यंत आणि सीसीएनई दहा वर्षांपर्यंत देते, आणि त्या काळातही दरवर्षी माहिती द्यावी लागते. उणीव आढळली तर अटी घातल्या जातात, इशारा दिला जातो आणि ती दूर झाली नाही तर ॲक्रेडिटेशन जातेही.

ही पद्धत उगाच आली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बहुतेक नर्सिंग स्कूल रुग्णालयांच्याच होत्या आणि शिकाऊ मुलींना दिवसभर वॉर्डात राबवून घेऊन उरलेल्या वेळात शिकवले जाई. 1923 च्या गोल्डमार्क अहवालाने या व्यवस्थेवर स्पष्ट बोट ठेवले आणि नर्सिंगचे शिक्षण हे आधी शिक्षण असले पाहिजे, असा आग्रह धरला. विद्यार्थ्याच्या बाजूने शाळेला प्रश्न विचारणारे कोणी तरी बाहेरचे हवे, ही गरज तेव्हापासूनची आहे, आणि मला ती आजही तितकीच खरी वाटते.

मग बोर्ड हे सर्व पाहत नाही का? पाहते, पण बोर्डाचे पहिले कर्तव्य रुग्णांचे संरक्षण हे आहे. शाळा किमान पातळीच्या खाली जात नाही ना, हे बोर्ड तपासते, आणि ती किमान पातळी राज्याराज्यांत वेगळी असते. काही राज्यांना बोर्डाची मान्यता एकट्याने पुरेशी वाटत नाही. फ्लोरिडात नव्या नर्सिंग स्कूलने पहिले विद्यार्थी घेतल्यापासून पाच वर्षांत ॲक्रेडिटेशन मिळवावे, असा कायदाच आहे. तुमच्या राज्याचा नियम काय आहे, ते बोर्डाच्या संकेतस्थळावर पाहता येईल आणि ते पाहण्यासाठी कोणत्याही सल्लागाराची गरज नाही.

आता लायसन्सनंतरच्या वाटांविषयी. असोसिएट पदवीच्या नर्सला काम मिळते, परंतु पुढे बॅचलरची पदवी घेण्याचा प्रश्न बहुतेकींसमोर येतोच. 2010 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2020 पर्यंत देशातील 80 टक्के नर्सकडे बॅचलर पदवी असावी, अशी शिफारस केली होती आणि तेव्हापासून मोठ्या रुग्णालयांचा कल त्या दिशेने वाढत गेला. न्यूयॉर्क राज्याने तर 2017 मध्ये कायदाच केला की नव्या रजिस्टर्ड नर्सनी लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बॅचलर पूर्ण करावे. रजिस्टर्ड नर्सना (आरएन) ही नर्सिंगमधील बॅचलर पदवी (बीएसएन) देणारे आरएन-टू-बीएसएन अभ्यासक्रम आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट गृहीत धरून चालतात, आणि आधीची शाळा ॲक्रेडिटेड नसेल तर अनेक विद्यापीठे ते क्रेडिट घेत नाहीत किंवा अर्जच स्वीकारत नाहीत. तुम्ही 20 महिने शिकलेले शरीररचनाशास्त्र आणि औषधशास्त्र पुन्हा पहिल्या पानापासून, पुन्हा फी भरून शिकावे लागेल, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

नोकरीच्या बाबतीतही अशीच गोष्ट आहे. माजी सैनिकांसाठी असलेल्या व्हेटरन्स अफेअर्सच्या रुग्णालयांत नर्सच्या पदासाठी ॲक्रेडिटेड नर्सिंग स्कूलमधील शिक्षण ही सर्वसाधारण अट असते. आर्मी नर्स कोरला ॲक्रेडिटेड अभ्यासक्रमाचीच बॅचलर पदवी लागते. खासगी रुग्णालयांच्या जाहिरातींत पात्रतेच्या रकान्यात, लायसन्सच्या ओळीखालीच, ‘ॲक्रेडिटेड नर्सिंग स्कूलमधून पदवी’ अशी ओळ अनेकदा असते; तुमच्या भागातील चार-पाच रुग्णालयांच्या जाहिराती आज रात्री उघडून पाहा, म्हणजे तुमच्या पतींच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल. पुढे कधी नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे निदान आणि उपचारही करणारी उच्चशिक्षित नर्स, व्हावेसे वाटले, तर त्या प्रमाणपत्रासाठी लागणारी मास्टर्स किंवा डॉक्टरेट ॲक्रेडिटेड अभ्यासक्रमाचीच असावी लागते आणि तशा अभ्यासक्रमांत प्रवेश देताना तुमची आधीची पदवी कोठली, हे पाहिले जाते. आज तुम्हाला एवढे पुढचे दिसत नसेल. पण सूक्ष्मजीवशास्त्राची आवड असलेली, इतकी वर्षे घर सांभाळूनही शिकण्याची इच्छा जिवंत ठेवलेली स्त्री पहिल्या पायरीवरच थांबेल असे मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही, आणि वरच्या पायऱ्या आजच बंद करून घेण्याची घाई तुम्ही करू नये.

तुम्ही लिहिता की त्या शाळेचा परीक्षेचा निकाल ‘जवळजवळ शंभर टक्के’ असल्याचे सल्लागारांनी सांगितले. हा आकडा जवळून पाहू. समजा एका वर्षी 60 विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. त्यांतील 35 जण मधल्या सत्रांत गळाले किंवा गाळले गेले. उरलेल्या 25 जणांपैकी शाळेच्या अंतर्गत अंतिम चाचणीत कमी गुण पडलेल्यांचा निकाल शाळेने रोखून धरला, म्हणून फक्त सात जण प्रत्यक्ष एनक्लेक्सला बसले आणि ते सातही उत्तीर्ण झाले. निकाल शंभर टक्के लागला. पण प्रवेश घेतलेल्या 60 जणांपैकी नर्स किती झाल्या, तर सात. म्हणून निकालाची टक्केवारी ऐकून थांबू नये. किती जण बसले, त्यांतील पहिल्याच प्रयत्नात किती उत्तीर्ण झाले आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी अभ्यासक्रम वेळेत पूर्ण केला, हे तीन आकडे एकत्र मागावेत. शाळानिहाय निकाल बहुतेक बोर्डे स्वतः प्रसिद्ध करतात. तो त्या वर्षीच्या राष्ट्रीय आकड्याशी ताडून पाहावा, कारण वर्षावर्षांत फरक पडतो: अमेरिकेत शिकून प्रथमच परीक्षा देणाऱ्यांपैकी 2022 मध्ये सुमारे 80 टक्के, तर 2024 मध्ये सुमारे 91 टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले होते. एका वर्षाचा आकडा योगायोगाचा असू शकतो. तीन-चार वर्षांचे आकडे ओळीने पाहिले की शाळेचा खरा कल दिसतो.

‘परीक्षा उत्तीर्ण झालो की बाकी कोणी विचारत नाही’ या समजुतीविषयी एक उदाहरण देते. ते टोकाचे आहे आणि तुमच्या समोरची शाळा तशी आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. जानेवारी 2023 मध्ये ऑपरेशन नाइटिंगेल नावाच्या तपासात उघड झाले की फ्लोरिडातील, आता बंद झालेल्या, तीन नर्सिंग स्कूलमधून 7,600 हून अधिक बनावट पदविका आणि गुणपत्रिका विकल्या गेल्या होत्या. त्या विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे 2,400 जण एनक्लेक्स उत्तीर्णही झाले होते. त्यानंतर अनेक राज्यांच्या बोर्डांनी लायसन्स रद्द केली, अर्जदारांच्या शिक्षणाची नव्याने छाननी सुरू केली, आणि ‘आम्ही परीक्षा दिली आहे’ हे उत्तर पुरेसे ठरले नाही. परीक्षा संगणकावर तुमचा निर्णय तपासते. रुग्णाच्या हातात सलाईनची सुई लावताना, श्वास अडकलेल्या माणसाशेजारी उभे असताना तुम्ही काय शिकला आहात, हे ती फार थोडे पाहते. ते शाळेतच, वॉर्डातच शिकावे लागते.

म्हणूनच क्लिनिकलची, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाची, चौकशी मी ॲक्रेडिटेशनच्या खालोखाल महत्त्वाची मानते. छोट्या, नव्या शाळांची खरी अडचण वर्गखोल्या मिळवण्याची नसते, रुग्णालयांत विद्यार्थी पाठवण्याच्या जागा मिळवण्याची असते, कारण त्याच जागांसाठी परिसरातील सगळ्या शाळा धडपडत असतात आणि रुग्णालयांना ॲक्रेडिटेड, जुन्या ओळखीच्या शाळा सोयीच्या वाटतात. जागा मिळाली नाही की विद्यार्थ्यांची बाळंतपणाची किंवा बालरुग्णांची फेरी एखाद्या नर्सिंग होममध्ये, नाही तर प्रयोगशाळेतील पुतळ्यांवर उरकली जाते. पुतळ्यांवरील सराव वाईट असतो असे नाही. राज्य बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की प्रत्यक्ष क्लिनिकलच्या तासांपैकी निम्म्यापर्यंतचे तास चांगल्या प्रतीच्या सिम्युलेशनने भरून काढले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत. पण ते चांगल्या प्रतीचे, प्रशिक्षित शिक्षकांच्या हाताखालचे हवे. शाळेला विचारा की बालरुग्ण विभागाची फेरी कोणत्या रुग्णालयात होते आणि मागच्या सत्रातील विद्यार्थी तेथे खरोखर गेले होते का. जमल्यास तेथील दोन माजी विद्यार्थिनींशी, शाळेने निवडून न दिलेल्या, बोला.

‘अर्ज केला आहे, लवकरच मिळेल’ या आश्वासनाचा विचार तुम्ही फार काळजीपूर्वक करावा. अर्ज करणे, उमेदवार म्हणून स्वीकारले जाणे आणि ॲक्रेडिटेशन मिळणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. एसीईएनकडे उमेदवारी मिळालेल्या शाळा संस्थेच्या संकेतस्थळावर नावानिशी दिसतात, आणि उमेदवारीनंतर दोन वर्षांत त्यांना ॲक्रेडिटेशन मिळवावे लागते; ते मिळेलच याची हमी नसते. तुमच्या शाळेचे नाव त्या यादीतही नसेल तर ‘अर्ज केला आहे’ या शब्दांना तुमच्या निर्णयात काडीचेही वजन देऊ नका. नाव असेल तर पुढचा प्रश्न तारखेचा आहे: मिळालेले ॲक्रेडिटेशन कोणत्या दिवसापासून लागू धरले जाईल आणि तुमची तुकडी त्यात बसेल का? तुम्ही बाहेर पडल्यानंतर शाळा ॲक्रेडिटेड झाली तर त्याचा लाभ तुमच्या पदवीला आपोआप मिळत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ॲक्रेडिटेशन पाहून डोळे मिटणाऱ्या वाचकांचीही मला तितकीच काळजी वाटते. आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट ही देशभर पसरलेली खासगी संस्था सप्टेंबर 2016 मध्ये एकाएकी बंद पडली. तिच्याकडे संस्थेचे ॲक्रेडिटेशन होते, नर्सिंगचे अभ्यासक्रमही होते, आणि तरीही हजारो विद्यार्थी एका दिवसात उघड्यावर पडले. ज्या संस्थेने ते ॲक्रेडिटेशन दिले होते तिचीच सरकारी मान्यता पुढे काढून घेण्यात आली. त्यामुळे कोणाचे ॲक्रेडिटेशन आहे, हे पाहावेच लागते. शिक्षण विभागाचा ॲक्रेडिटेड संस्थांचा माहितीसाठा सर्वांसाठी खुला आहे, आणि एसीईएन, सीसीएनई यांच्या स्वतःच्या याद्याही. तुमच्या कम्युनिटी कॉलेजचे नाव तेथे शोधताना पुढच्या तपासणीचे वर्ष कोणते आणि ‘अटींसह’ किंवा ‘इशारा’ असा शेरा आहे का, तेही वाचा. चांगल्या शाळेवर कधी तात्पुरती अट येऊ शकते. तिचे कारण काय आणि त्यावर काय केले, हे ती शाळा मोकळेपणाने सांगते की टाळते, त्यावरून बरेच कळते.

आता दीड वर्षाच्या हिशेबाकडे येऊ. तुमच्या मनात चित्र असे आहे की एकीकडे 20 महिन्यांत नर्स आणि दुसरीकडे दीड वर्ष नुसते हातावर हात ठेवून बसणे, मग दोन वर्षांचा अभ्यास. पण कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगला बसण्याआधी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, कधी संख्याशास्त्र असे विषय पूर्ण करावे लागतात, आणि शरीररचनेचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. हे दोन-तीन सत्रांचे काम तुम्हाला तसेही करायचेच आहे. म्हणजे थांबण्याच्या काळातील मोठा भाग रिकामा नाही. शिवाय ‘दीड वर्ष’ हे तुम्हाला कोणी सांगितले, यादी क्रमाने पुढे सरकते की गुणांवर प्रवेश मिळतो, हे नीट विचारा. अनेक कॉलेजे गुणांच्या पद्धतीने निवड करतात आणि तेथे पूर्वतयारीच्या विषयांतील चांगल्या श्रेणी तुम्हाला पुढे नेऊ शकतात. जवळच्या दुसऱ्या-तिसऱ्या कॉलेजांतही अर्ज करून ठेवण्यास कोणाची हरकत नसते.

तुमच्या पत्रात मला सर्वांत आश्चर्य वाटले ते याचे की तुमची भारतातील बी.एस्सी. तुम्ही जणू गणतीतच धरलेली नाही. दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी ॲक्सिलरेटेड बीएसएन नावाचे अभ्यासक्रम आहेत. ते साधारण 11 ते 18 महिन्यांचे असतात आणि त्यांतून थेट बॅचलर पदवी मिळते. परदेशी पदवीचे विषयवार मूल्यमापन एखाद्या मान्य मूल्यमापन संस्थेकडून करून घेतले की अनेक विद्यापीठे ती पात्र धरतात. इंग्रजीची चाचणी मागितली जाऊ शकते, पूर्वतयारीचे काही विषय येथे पुन्हा करावे लागतील, कारण बऱ्याच ठिकाणी पाच-सात वर्षांपेक्षा जुने विज्ञान विषय चालत नाहीत. हे अभ्यासक्रम महाग असतात आणि पूर्णवेळ, दमवणारे असतात. शाळेत जाणारी मुलगी घरी असताना तो काळ कोण निभावून नेणार, याचा निर्णय तुम्हा दोघांना आधी करावा लागेल. पण पर्याय दोनच आहेत, ही तुमची समजूत बदलायला हवी. मूल्यमापनाचा अर्ज या महिन्यातच करा, कारण भारतातील विद्यापीठाकडून गुणपत्रिका यायला वेळ लागतो.

थांबण्याच्या काळात सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचे प्रशिक्षण घेण्याचा मी आग्रह धरीन. केंद्रीय नियमानुसार ते किमान 75 तासांचे असते, काही राज्यांत त्याहून अधिक. रुग्णाला कूस बदलून देणे, अंघोळ घालणे, भरवणे, रात्रीच्या पाळीत जागणे, हे काम तुम्हाला खरोखर झेपते आणि आवडते का, ते हजारो डॉलर खर्च करण्याआधी कळेल. काही कॉलेजे प्रवेशाच्या वेळी या अनुभवाला गुण देतात. घरखर्चाची निकड असेल तर वर्षभराचा प्रॅक्टिकल नर्सिंगचा अभ्यासक्रम करून नोकरी धरणे आणि तेथून पुढे रजिस्टर्ड नर्सकडे जाणे हाही मार्ग आहे. तोही ॲक्रेडिटेड शाळेतूनच करावा, नाही तर पुढे जाताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

पैशाविषयी थोडे. तुमच्याकडे ग्रीन कार्ड असल्याने सरकारी शैक्षणिक मदतीसाठी तुम्ही अर्ज करू शकता, मात्र ती मान्यताप्राप्त ॲक्रेडिटेशन असलेल्या संस्थेतच मिळते. खासगी शाळा तुम्हाला बँकेचे किंवा स्वतःचे कर्ज पुढे करत असेल, तर सरकारी कर्ज का नाही, हा प्रश्न अवश्य विचारा. शाळा मध्येच बंद पडल्यास सरकारी कर्ज माफ होण्याची तरतूद काही अटींवर आहे. खासगी कर्जाला ती लागू नाही.

कोणत्या परिस्थितीत मी ॲक्रेडिटेशन नसलेल्या शाळेला होकार देईन? शाळेच्या उमेदवारीचे नाव एसीईएनच्या यादीत असेल, निकाल आणि पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अनेक वर्षे चांगले असेल, तुमच्या गावातील ज्या रुग्णालयात काम करायचे आहे त्याने तेथील पदवीधर घेतल्याचे तुम्ही स्वतः खात्री करून घेतले असेल, आणि ज्या विद्यापीठात पुढे बॅचलर करायचे आहे त्याने तेथील क्रेडिट घेऊ असे लेखी कळवले असेल, तर विचार करता येईल. तुमच्या पत्रात यांपैकी एकही गोष्ट नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: शुक्रवारी डिपॉझिट भरू नका. त्याऐवजी शाळेला ईमेलने नर्सिंगच्या ॲक्रेडिटेशनची सद्यःस्थिती, मागील तीन वर्षांत प्रवेश घेतलेले, पूर्ण करणारे आणि परीक्षा उत्तीर्ण होणारे विद्यार्थी, क्लिनिकलची रुग्णालये, क्रेडिट स्वीकारणारी विद्यापीठे आणि डिपॉझिट परतीचा नियम, एवढे विचारा आणि उत्तर लेखीच मागा. फोनवर गोड बोलणारा सल्लागार लेखी उत्तर द्यायला टाळाटाळ करू लागला, तर तेच त्याचे उत्तर समजावे.

याच सदराचे काही वाचक कदाचित अशा शाळेत आधीच शिकत असतील, किंवा शिकून बाहेर पडले असतील. त्यांनी खचून जाऊ नये. एक-दोन सत्रे उरली असतील तर बहुधा अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा देणेच हिताचे असते, कारण लायसन्सला स्वतःची किंमत आहे आणि ॲक्रेडिटेशन न पाहता नेमणूक देणारी रुग्णालये, नर्सिंग होम आणि डायलिसिस केंद्रेही असतात. नुकतीच सुरुवात झाली असेल तर मात्र बाहेर पडून झालेला खर्च सोसण्याचा विचार गंभीरपणे करावा. दोन्ही बाबतींत प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, क्लिनिकलच्या तासांची नोंद आणि सहीशिक्क्याच्या गुणपत्रिका आजच मिळवून घरी जपून ठेवाव्यात, कारण शाळा बंद पडली की या गोष्टी मिळवणे फार कठीण होते. पुढील पदवीसाठी अर्ज करताना आधी फी भरून मग चौकशी करू नये. तुमचे लायसन्स आणि कामाचा अनुभव पाहून क्रेडिट देणारी किंवा परीक्षा घेऊन आधीचे शिक्षण मान्य करणारी काही विद्यापीठे आहेत, आणि त्यांच्या प्रवेश कार्यालयाला शाळेचे नाव सांगून आधीच लेखी विचारता येते.